पावसाआधीचं फूल

आजचं वाचन: योहान 20:11-18
सोबत वाचा: योहान 19:41, 1 करिंथ 15:20-23 आणि 35-44



ईस्टरचा रविवार होऊन गेला. पहाटेची उपासना झाली, केक वाटून झाला, स्टेटस टाकून झालं. आज मंगळवार. सकाळी साडेनऊला टीमचा कॉल आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांपुढे प्रश्न तोच आहे: रविवारी जे गायलं ते मंगळवारी कसं जगायचं?

हा आठवडा मी बीडला आईजवळ राहून काम करतोय, म्हणून आजचा धडा घरच्या बागेतला. बाग म्हणजे फार काही नाही. घराच्या दोन बाजूंना चार-चार फूट माती, त्यात मोगऱ्याची तीन झाडं आणि एक चाफा, कुंपणावर बोगनवेल, ओट्यावर लिलीच्या आणि गुलाबाच्या कुंड्या. ही बाग पप्पांची. पप्पा नोव्हेंबरमध्ये प्रभूकडे गेले. त्यांच्याशिवायचा हा आमचा पहिला ईस्टर.

म्हणून आज मी 'आशा' हा शब्द जरा जपून वापरणार आहे. ज्या घरात एक खुर्ची नुकतीच रिकामी झाली आहे, त्या घरात हा शब्द सहज बोलता येत नाही.

आपला ईस्टर उन्हाळ्यात येतो

ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते, हे तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. नियम असा: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. म्हणजे ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मध्येच येतो. ही पौर्णिमा मंडळींनी ठरवलेल्या कोष्टकावरून काढतात, पण आपल्या कॅलेंडरमध्ये पाहिलंत तर ती बहुधा चैत्र पौर्णिमेच्या आसपासच सापडेल. 2025 मध्ये हनुमान जयंती 12 एप्रिलला होती आणि ईस्टर 20 तारखेला. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि ईस्टर 5 तारखेला. कधीकधी फाल्गुनातली पौर्णिमाच धरली जाते. 2024 मध्ये 25 मार्चला धुळवड झाली आणि त्याच आठवड्यात, 31 मार्चला, ईस्टर आला.

आता ईस्टरची जी कार्डं आपण एकमेकांना पाठवतो ती आठवा. हिरवं गवत, कोवळी पालवी, पांढऱ्या लिली. युरोपात या दिवसांत बर्फ वितळतं आणि वसंत सुरू होतो, त्यामुळे तिथे हे चित्र बरोबर आहे. गंमत म्हणजे कार्डावरची ती ईस्टर लिली मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची. ईस्टरच्या मुहूर्तावर ती फुलावी म्हणून अमेरिकेत ती काचघरात मुद्दाम वाढवतात.

आणि आपल्याकडे? बीड जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतच. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. बिंदुसरेचं पात्र म्हणजे नुसते दगड. बालाघाटाच्या डोंगरात ज्या सीताफळांसाठी आपला जिल्हा ओळखला जातो, ती झाडं या दिवसांत खराट्यासारखी उभी असतात. आमच्या भागात नळाला पाणी येतं ते आठ-दहा दिवसांनी, आणि त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवावं लागतं. मृगाला अजून दोन महिने असतात.

म्हणजे बाहेरची सृष्टी आपल्याला ईस्टरच्या दिवशी 'बघ, सगळं कसं नवं झालंय' असं काही सांगत नाही. लहानपणी संडे स्कूलमध्ये कार्डावर हिरवं गवत रंगवायचो आणि खिडकीबाहेर पाहिलं की फुफाटा. मला तेव्हा वाटायचं, ईस्टर हा दुसऱ्या कुणाच्या तरी देशातला सण आहे.

पण नीट पाहिलं तर नेमकं याच दिवसांत आमच्या बागेत काय फुललेलं असतं? मोगरा. चाफा, तोही एक पान नसताना. बोगनवेल, जिला पाणी कमी पडलं की जास्त रंग चढतो. आणि कुंडीतली लाल लिली, जिला नर्सरीवाले अमरिलिस म्हणतात. थंडीभर तिच्या कुंडीत नुसती माती दिसते, आणि मार्च-एप्रिलमध्ये पानांच्याही आधी फुलाचा दांडा वर येतो.

यांपैकी एकानेही पावसाची वाट पाहिलेली नाही. हिरवळ आल्यावर सगळीच फुलतात. ही पावसाआधीची फुलं आहेत. मला वाटतं, आपल्या मराठवाड्यातल्या ईस्टरचं खरं चित्र हेच आहे. आणि शुभवर्तमानाशी ते जास्त जुळतं. कारण पहिल्या ईस्टरच्या पहाटे बाहेर काहीच बदललं नव्हतं. पिलात गादीवर होता, रोमी शिपाई रस्त्यावर होते, शिष्य दाराला कडी लावून बसले होते. फक्त एक कबर रिकामी होती, आणि ती एका बागेत होती.

मरीयेला तो माळी का वाटला?

बागेचा हा तपशील फक्त योहान देतो. जिथे येशूला वधस्तंभावर खिळलं तिथे जवळच एक बाग होती आणि त्या बागेत एक नवी कबर होती, असं तो 19:41 मध्ये लिहितो. त्याआधी 18:1 मध्ये, किद्रोन ओहोळापलीकडे जिथे येशूला धरलं, तीही बागच. आणि बायबलच्या अगदी सुरुवातीला, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, देवाने एक बाग लावली आणि माणसाला तिची मशागत आणि राखण करायला ठेवलं. माणूस हरला तो बागेत. येशूने पित्याच्या इच्छेला होकार दिला तो बागेत. आणि मरणाची हार झाली तीही बागेतच. योहानाने हे उगीच लिहिलेलं नाही.

आता मग्दालीया मरीयेकडे पाहू. ती कबरेबाहेर रडत उभी आहे. मागे वळते, येशू समोर उभा आहे, पण तिला ओळखू येत नाही. तिला वाटतं हा माळी असावा. ती त्याला विनवते की तुम्ही त्यांना इथून नेलं असेल तर कुठे ठेवलं ते सांगा, मी घेऊन जाईन. तिची आशा केवढीशी आहे बघा. तिला एक मृत शरीर परत हवं आहे, नीट दफन करायला. त्यापलीकडे मागावं असं काही असू शकतं, हे तिच्या मनातही येत नाही.

आणि येशू तिला पुनरुत्थानाचा सिद्धांत समजावत बसत नाही. तो फक्त तिला नावाने हाक मारतो. योहानाच्याच दहाव्या अध्यायात त्याने सांगून ठेवलं होतं की मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने बोलावतो. हाक ऐकली आणि तिने ओळखलं.

मरीयेची चूक झाली असं आपण म्हणतो. पण एका अर्थी ती फारशी चुकली नव्हती. पहिली बाग ज्याने लावली तोच तर तिच्यासमोर उभा होता.

ताण

आता मोगऱ्याकडे येऊ, कारण हा धडा मला त्याने शिकवला.

शेतकरी घरातल्या वाचकांना 'ताण' हा शब्द माहीत असेल. मोसंबीचा, डाळिंबाचा बहार धरायचा तर काही दिवस बागेचं पाणी तोडतात. झाड वाढ थांबवतं, पानं गाळतं. मग खत आणि पाणी दिलं की ते एकदम फुटतं आणि फुलावर येतं. मोगऱ्याचंही तसंच. डिसेंबरच्या सुमाराला पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळतात. मग हलकी छाटणी, बुंध्याभोवतीची माती मोकळी करून मुळांना थोडं ऊन, शेणखत, आणि मग पाणी सुरू. कारण मोगऱ्याची कळी जुन्या काडीवर धरत नाही, नव्या फुटव्याच्या शेंड्यालाच येते.

पप्पांच्या शर्टाच्या खिशात नेहमी एक छोटी वही असायची. दूधवाल्याचा हिशेब, मंडळीतल्या आजारी लोकांची नावं आणि बागेच्या तारखा, सगळं तिच्यात. प्रत्येक डिसेंबरच्या पानावर तीच ओळ: मोगऱ्याचं पाणी बंद. प्रत्येक जानेवारीत: छाटणी, खत, पाणी सुरू.

पप्पा गेले नोव्हेंबरमध्ये. डिसेंबरमध्ये आईने वही उघडली आणि ठरलेल्या दिवशी मोगऱ्याचं पाणी तोडलं. पंधरवड्यात झाडं भकास दिसायला लागली. शेजारच्या काकू कुंपणाजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वहिनी, झाडं वाळायला लागली की हो. भाऊजींचा जीव होता त्यांच्यात. मी टाकत जाऊ का बादलीभर पाणी?" त्यांना वाटलं, दुःखात बाईचं लक्ष उडालंय. आई म्हणाली, "नको हो. ताण दिलाय. जानेवारीत सोडायचंय पाणी."

नाताळला मी आलो तेव्हा तिने हे मला सांगितलं. आणि रोज सकाळी ती काय करायची तेही मी पाहिलं. पाणी द्यायचं नसलं तरी ती मोगऱ्याजवळ जायचीच. काडी नखाने जराशी खरवडून बघायची. आत हिरवं आहे ना? आहे. मग परत यायची. कारण ताण प्रमाणाबाहेर गेला तर झाड खरंच मरतं. ताण देणं म्हणजे झाडाला सोडून देणं नाही. उलट त्या दिवसांत माळ्याला झाडावर जास्त नजर ठेवावी लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमच्या आयुष्यातलं प्रत्येक दुःख देवाने मुद्दाम पाणी तोडल्यामुळे आलंय, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारे लोक दुःखात भेटायला येतात आणि जखमेवर मीठ चोळून जातात. ईयोबाचे मित्र आठवा. पप्पांच्या आजाराचं कारण मला माहीत नाही आणि मी ते शोधतही नाही. मी एवढंच म्हणतोय की कोरड्या दिवसांत माळी निघून गेलेला नसतो. योहान 15 च्या सुरुवातीला येशूने पित्याला द्राक्षमळ्याचा माळीच म्हटलंय, आणि छाटणारा हात हा वेलीच्या सगळ्यात जवळ आलेला हात असतो.

शुक्रवार आणि रविवारच्या मधे शनिवार येतो. शनिवारबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ काहीच सांगत नाहीत. स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे शब्बाथ पाळला, एवढं लूक 23:56 मध्ये आहे. नोकरी गेलेले, लग्न मोडलेले, यूपीएससीचा तिसरा निकालही हुकलेले आपण बरेच जण शनिवारातच राहतो. त्या शनिवारी त्या बायकांनी काय केलं? जे रोजचं होतं ते केलं. आईने वही उघडली, तसं.

फूल हा पुरावा नाही

आता थोडं कठीण बोलायचंय. ईस्टरला बागेची उदाहरणं आपण बऱ्याचदा ऐकतो. बी मरतं आणि झाड उगवतं, म्हणून आपणही उठू. प्रभूनेही गव्हाच्या दाण्याचं उदाहरण दिलं (योहान 12:24) आणि पौलाने पेरणीचं (1 करिंथ 15). पण त्यांनी ते कशासाठी दिलं हे समजून घ्यायला हवं.

लिलीचा कंद थंडीत मेलेला नव्हताच. तो जमिनीखाली झोपला होता, साठवलेल्या अन्नावर. मोगऱ्याच्या काडीत हिरवं होतं. पण पप्पा खरंच गेले. दोघांत फरक आहे, आणि तो लपवून सांत्वन होत नाही. आमच्या कुंडीतला एक गुलाबही याच हिवाळ्यात खरंच गेला. आईने खरवडून पाहिलं, आत कोरडं निघालं. तिने तो उपटला आणि कुंडी रिकामी ठेवली. गुलाब आपला आपण परत आला नाही. मेलेलं आपोआप परत येत नाही, हाच निसर्गाचा नियम आहे.

म्हणून ख्रिस्ती आशा बागेवर उभी नाही. ती एका घडलेल्या गोष्टीवर उभी आहे. पौल तर 15:14 मध्ये सरळ म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचार पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ. तो असं म्हणत नाही की काही हरकत नाही, फुलं तर उमलतातच.

आपल्या क्षेत्रातल्या भाषेत सांगायचं तर लाजरसाचं उठणं हे बॅकअपमधून रिस्टोअर केल्यासारखं होतं. तोच लाजरस, तेच शरीर, आणि पुढे कधीतरी पुन्हा मरण. येशूचं उठणं तसं नव्हतं. ते शरीर तेच होतं, खिळ्यांच्या खुणांसकट, आणि तरीही नवं होतं, पुन्हा न मरणारं. पेरलेला दाणा आणि उभं कणीस यांचं उदाहरण पौल इथे देतो. दाणा आपोआप जगतो, हा त्याचा मुद्दा नाही. जे पेरलं आणि जे उगवलं त्यांत नातंही आहे आणि केवढा फरकही, हा त्याचा मुद्दा आहे. ज्वारीचा दाणा हातात घेऊन पाहा. पुरुषभर उंचीचं ताट त्यावरून तुम्हाला कधी सुचलं असतं का?

मग बागेचं काम काय? बाग पुरावा देत नाही, पण ती आपल्याला एक सवय लावते. न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवून आजचं काम करायची सवय. बीडच्या माणसाला ही सवय नवी नाही. आपली खजाना विहीर पाहिली आहे ना? निजामशाहीच्या काळातली ही विहीर. तिचं पाणी जमिनीखालच्या मार्गाने वाहत पुढच्या शेतांना मिळतं. वर कोरडी जमीन, आणि खाली पाणी चाललेलं.

चाफा आणि प्रथमफळ

ईस्टरच्या पहाटे आमच्या मंडळीचे लोक कबरस्तानात जमतात. अंधारातच मेणबत्त्या लागतात, कबरी धुऊन पुसून फुलं ठेवली जातात, गीतं म्हटली जातात, आणि उजाडताना पाळकसाहेब रिकाम्या कबरेचा उतारा वाचतात. फाटकाशी एक जुना चाफा आहे. आमच्या घरचा चाफा त्याच्याच फांदीचा. आजोबा गेले त्या वर्षी पप्पांनी ती फांदी आणली होती. चाफ्याची फांदी कापून लगेच लावत नाहीत. तिचा चीक वाळू द्यावा लागतो, आठवडाभर सावलीत तशीच टाकून ठेवतात. पाहणाऱ्याला ते सरपणच वाटतं. मग ती मातीत खोचतात, आणि तिला मुळं फुटतात.

यंदा पहाटे आईने ओंजळभर मोगरा आणि चाफ्याची काही फुलं नेली. पप्पांच्या कबरेवरची माती अजून पुरती बसलेली नाही. फुलं ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "पहिला तोडा आहे यंदाचा."

पहिला तोडा. मला 1 करिंथ 15:20 आठवलं. पौल उठलेल्या ख्रिस्ताला महानिद्रा घेणाऱ्यांतलं प्रथमफळ म्हणतो. हा शब्द लेवीय 23 मधला. कापणीची पहिली पेंढी याजकाकडे आणायची आणि त्याने ती शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी परमेश्वरापुढे ओवाळायची. ती वाहिल्याशिवाय नवं धान्य खायचं नाही. वल्हांडणाच्या दिवसांत त्या देशात जव तयार होत असे. शब्बाथाचा दुसरा दिवस म्हणजे रविवार, हेही लक्षात घ्या.

प्रथमफळ म्हणजे नमुना म्हणून काढलेलं एकटं फळ नाही. पहिली पेंढी हातात आली याचा अर्थ मागे उभं शेत आहे. पहिला तोडा निघाला म्हणजे झाडावर अजून कळ्या आहेत, त्या आपल्या क्रमाने उमलणार आहेत. पौलही पुढे क्रमच सांगतो: प्रथमफळ ख्रिस्त, मग त्याच्या येण्याच्या वेळी जे त्याचे आहेत ते. त्या कबरस्तानातले सगळे त्या क्रमात आहेत. आपली आशा एवढी नेमकी आहे.

उपासनेनंतर आणखी एक गोष्ट दिसली. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गेलेली आमच्या मंडळीतली कुटुंबं हंगाम संपवून परतली होती. पाच-सहा महिने ज्या बाकांवर कुणी नसतं ते भरले होते. हात कापलेले, चेहरे रापलेले, पोरं एकेक वीत वाढलेली. त्यांच्यातल्या एका बाईने आईला मिठी मारली. पप्पा गेल्याचं त्यांना तिकडे फडावरच कळलं होतं. येताना त्यांनी आईसाठी उसाच्या पाचटाचा एक भारा आणला होता, झाडांच्या बुडाशी पसरायला, म्हणजे ओल टिकते. कार्डावरच्या ससा-अंड्यांपेक्षा मला ती भेट जास्त ईस्टरची वाटली.

आधी उपकारस्तुती

आता कृतज्ञतेबद्दल. आपण साधारण कधी आभार मानतो? काम झाल्यावर. ऑफर लेटर आलं की साक्ष देतो, रिपोर्ट चांगला आला की उपकारस्तुती ठेवतो. ते योग्यच आहे. पण प्रभूने दोनदा याच्या उलट केलं.

लाजरसाच्या कबरेपुढे दगड बाजूला झाला, पण लाजरस अजून आतच होता. तेव्हाच येशूने डोळे वर करून पित्याचे आभार मानले (योहान 11:41). आणि ज्या रात्री त्याला धरून दिलं त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती केली (1 करिंथ 11:23-24). पुढे गेथशेमाने आहे, फटके आहेत, वधस्तंभ आहे, हे ठाऊक असताना. आपण प्रभुभोजनाला दर वेळी जे आठवतो, ते पावसाआधीचे आभार आहेत.

आईचं बागेतलं पाणी देणं मी या आठवड्यात जवळून पाहिलं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी एका बादलीत. धुण्याचं शेवटचं पाणी दुसऱ्या बादलीत. मोगऱ्याच्या बुडाशी पप्पांनी एक लहान मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवलंय. त्यात तांब्याभर पाणी ओतलं की ते पाझरत राहतं, दोन दिवस पुरतं. एक थेंब वाया नाही. आणि प्रत्येक झाडापाशी ती काहीतरी पुटपुटते. मी विचारलं, "आई, झाडांशी बोलतेस?" म्हणाली, "नाही रे. ज्यानं ज्यानं जे लावलं त्याचं नाव घेऊन देवाचे आभार मानते. बोगनवेल तुझ्या आत्यानं दिली. लिलीचे कंद शाळेतल्या बाईंनी. चाफा तुझ्या पप्पांनी."

जिथे पाणी मुबलक असतं तिथे ते नुसतं वाहतं. जिथे ते मोजून मिळतं तिथे प्रत्येक तांब्याला नाव असतं. कृतज्ञतेसाठी भरपूर असावं लागतं असं नाही. मोजायला शिकावं लागतं.

फुलं पाहायला तर प्रभूनेच सांगितलंय (मत्तय 6:28). घाईत आपण तिथली 'चिंता करू नका' ही आज्ञा लक्षात ठेवतो, फुलांचा विचार करण्याची विसरतो. आपल्या मराठी मंडळीला हा वारसा आहे. बीडला लागूनच असलेल्या नगरमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक राहिले. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यापायी घर काही वर्षं तुटलं, मग लक्ष्मीबाई आल्या. ते सगळं लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' मध्ये लिहून ठेवलंय. एवढी ओढाताण सोसलेल्या या माणसाला मराठी लोक आजही फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतात. फुलाकडे पाहणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग नाही. ज्यांनी ताण सोसला, त्यांनाही देव फुलाकडे पाहायला लावतो.

या आठवड्यात करण्यासारखं

एक. एक झाड लावा. फ्लॅटच्या खिडकीत असलं तरी चालेल. मोगऱ्याची एक कुंडी पुरते, फक्त तिला चार-पाच तास ऊन मिळायला हवं. पाणी देताना एका माणसाचं नाव घेऊन आभार माना. रोज एकच नाव.

दोन. जी गोष्ट अजून झालेली नाही, तिच्यासाठी नव्हे, तर ती होण्याआधीही देव जो आहे त्यासाठी उपकारस्तुती करा. दोघांत फरक आहे. पहिली आगाऊ बुकिंगसारखी होते, दुसरी प्रभूसारखी.

तीन. तुमच्या मंडळीत किंवा बिल्डिंगमध्ये यंदा कुणाचा पहिला ईस्टर कुणाशिवाय गेला असेल, तर त्यांना फोन करा. समजावू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. मरीयेचे डोळे नावानेच उघडले होते.

मनन करण्यासाठी

माझ्या आयुष्यात सध्या कुठे ताण चालू आहे? तिथे माळी रोज येतो, हे मला पटतं का?
माझी आशा कशावर उभी आहे: परिस्थिती सुधारण्यावर की ख्रिस्त उठल्यावर?
यंदाचा माझा पहिला तोडा कोणता, आणि तो मी कुणापुढे ठेवला?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू उठला आहेस. आमचा उन्हाळा अजून संपलेला नाही, तरी तू उठला आहेस. जे कबरस्तानातून रिकाम्या हातांनी घरी परतले, त्यांना तू नावाने हाक मार. ज्यांना वाटतं की आत सगळं कोरडं झालंय, त्यांच्यात तुला दिसणारं हिरवं त्यांनाही दिसू दे. आमच्या जिल्ह्यावर वेळेवर पाऊस पाठव, विहिरी भर, फडावरून परतलेल्या हातांना इथेच काम दे. आणि पाऊस येईपर्यंत आम्हांला तांब्या-तांब्याने आभार मानायला शिकव. आमच्या झोपलेल्या प्रियजनांना आम्ही तुझ्या हाती ठेवतो. तू प्रथमफळ आहेस, मागचं पीक तू सोडणार नाहीस. तुझ्याच नावात मागतो. आमेन.

उद्याचं वाचन: लूक 24:13-35, अम्माऊसच्या वाटेवर.